धक्का

सिर्क्कूनं फोनवर एवढंच विचारलं,
"गाडीला हिवाळी टायर चढवलेस का?"
चढवलेत, मी म्हटलं.
कुठं जायचं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कुहमोच्या पुढे, तळ्याकाठी, तुइरेचं घर.
साडेचारलाच काळोख.
मार्युक्का आधीच पोचलेली, पायरीवर बसून
रबरी बुटातलं पाणी ओतत होती.
"दार उघडंय," ती म्हणाली, "तीच उघडत नाहीये."

बावीस वर्षांत चौघी एका छपराखाली आलो नव्हतो.
लग्नं, बारशी, दोन अंत्यविधी,
दर वेळी कुणीतरी एक कमी.

तुइरेचं टेबल पूर्वी डगमगायचं. आता नाही.
पडलेला चमचा उचलायला वाकले तेव्हा दिसलं,
आखूड पायाखाली सरकारी कागदाची घडी,
शिक्का, आणि वाचता आली तेवढी एक ओळ:
चालकाचा दोष आढळत नाही.
मी चमचा घेऊन वर आले.

एकोणीस वर्षं ती शाळेची बस चालवायची.
कुणाला गाडी लागते, कुणाचे मोजे वेगवेगळे,
कुणाचा बाप आजही उठलेला नाही,
सगळं तिला आरशातून कळायचं.
मार्चमध्ये वळणावर जंगलातून एल्क आला.
एवढंच. एका वाक्यात मावतं.
विल्यो नऊ वर्षांचा होता.

सहाशे किलोमीटर मी वाक्यं घोळवत आले होते,
शहाणी, इस्त्री केलेली.
सौनात बाकावर, अंगावर चिंधीही नसताना,
ती कुठे ठेवायची कळेना.
सिर्क्कूच्या छातीवर डावीकडे आडवा व्रण.
"कधी?" तुइरेनं विचारलं.
"दोन वर्षं झाली."
"बोलली नाहीस."
"तू तरी कुठे बोललीस."
मग तुइरेनं तापल्या दगडांवर पाणी ओतलं, खूप,
आणि आम्ही तिघी कान झाकून खाली वाकलो.

शनिवारी ती उठलीच नाही.
आम्ही लाकडं फोडली. फोडून झालेली
आणखी बारीक केली.
मार्युक्कानं माशाचं कालवण खारट केलं
आणि त्यावरून सिर्क्कूशीच भांडली,
शाळेत भांडायची तशी, दारं आपटून.
त्या आवाजानं असेल, तुइरे खाली आली,
पातेल्यातूनच दोन चमचे खाल्ले,
"खारट आहे" म्हणाली, आणि परत वर गेली.
आम्हाला तेवढं पुरलं.

रविवारी तळ्याच्या काठाला बर्फाची साय धरलेली.
लाकडी धक्का अजून पाण्यातच.
तो सप्टेंबरातच ओढून घ्यायचा असतो,
नाहीतर बर्फ त्याला चावून टाकतं.
आम्ही दोर बांधला. ओढला.
वीतभर आला, दोन विती मागे गेला.
सिर्क्कूनं शिव्या घातल्या, तळ्याला, देवाला,
धक्का बांधणाऱ्या सुताराला.

"तिघींचं काम नाही ते."
गाऊनवर कोट, पायात कुणाचे तरी मोठे बूट.
"आणि दोर चुकीच्या खांबाला बांधलाय."

गाठ तिनं दातांनी सैल केली,
दुसऱ्या खांबाला मारली,
कोणी कुठं उभं राहायचं ते बोटानं दाखवलं.
मग मोठ्यानं मोजू लागली. एक. दोन.
आणि थांबली.
फार वेळ थांबली. तळ्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं.
दोर तळहातात रुतत होता.
कुणीच ढिला सोडला नाही.

"तीन," ती म्हणाली.

अर्धाच वर आला.
अर्धा पाण्यात राहिला, आम्हाला उजेड असेतो निघायचं होतं.
मार्युक्का थांबली. रजा घेतलीय म्हणाली.
ती शेळ्या पाळते, तिला कसली रजा.

मी गाडी मागे घेत होते.
आरशात तुइरे, निरोपाचा हात वगैरे नाही,
नुसती खुणा करत होती:
डावीकडे. अजून. अजून थोडं.
बस.